यादीच्या मागे उघडलेली सूचना

सर्वांत महत्त्वाची सूचना यादीत सर्वांत वर ठेवायची, हा आमच्या कामातला पहिला नियम. म्हणून तेच आधी लिहितो. वादळाच्या त्या संध्याकाळी मालवण बंदरावरच्या वायरलेस खोलीत बसलेल्या रजनी तांडेल हिने इशारा वाचण्यात कसूर केली नव्हती. इशारा तिला दिसलाच नाही, आणि तो दिसला नाही तो माझ्यामुळे. तिने मला फोन करून विचारलं होतं. चौकशीत मी ‘आठवत नाही’ असं सांगितलं. मला आठवत होतं.

एवढं वाचून कोणी हा दिवाळी अंक मिटला तरी माझी तक्रार नाही. पुढे आहे ते हे कसं घडलं याबद्दल. त्यासाठी माझं काम काय होतं तेही सांगावं लागेल, कारण ते माझ्या बायकोलासुद्धा शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ‘हे हापिसात डब्यासमोर बसान ऱ्हवतत, डब्यात काय गावता ता देवाक म्हायत,’ असं ती शेजारणीला सांगायची.

मी वसंत पराडकर. मच्छीमारांच्या एका सहकारी संघात बर्फ आणि डिझेलच्या वाटपाचा लेखनिक म्हणून लागलो. संगणक आले तेव्हा कार्यालयात इंग्रजी टायपिंग येणारा मी एकटाच, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. मुंबईहून आलेल्या एका माणसाने थोडे दिवस शिकवलं. उरलेलं मी पुस्तकातून आणि चुकांतून शिकलो. हळूहळू बंदरावर मी ‘कम्प्युटरवालो भाऊ’ झालो. अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

संघाची एक आतली वेबसाइट होती. बाहेरच्या जगाला ती दिसत नसे. मुख्य कार्यालय, बंदरावरची वायरलेस खोली आणि देवगड, वेंगुर्ला, खारेपाटण इथली आमची केंद्रं, एवढ्यांपुरतीच ती चाले. तिचं पहिलं पान म्हणजे एक लांबलचक यादी. डिझेलचा टँकर कधी येणार, बर्फ कुठे शिल्लक आहे, सरकारी परिपत्रकं आणि हवामानाचे इशारे. प्रत्येक ओळ निळी, तिच्याखाली रेघ. ओळीवर क्लिक केलं की तो कागद उघडायचा. हे पान मी बनवलं होतं आणि मीच सांभाळायचो.

इशारा नेहमी वर, हा नियमही मीच घातला. आमच्या अध्यक्षांना एकदा सरकारकडून अभिनंदनाचं पत्र आलं. ते त्यांना यादीच्या डोक्यावर हवं होतं. मी इशाऱ्याखाली ठेवलं. ते टेबलाशी येऊन उभे राहिले.

“काय रे पराडकर, वारो माझ्यापेक्षा मोठो?”

“समुद्रात तरी होय, साहेब.”

ते हसले म्हणून माझी नोकरी राहिली.

केंद्रांवरून मात्र एकच रड होती: यादी हरवते. कागद उघडला की तो यादीच्याच जागी यायचा. परत यादीवर जायचं तर मागे जाण्याचं बटण दाबायचं, आणि आमची लाईन अशी की यादी पुन्हा येईपर्यंत माणसाने चहा पिऊन यावा. खारेपाटणच्या केंद्रावर सावंत म्हणून एक गृहस्थ होते. कागद वाचून झाला की ते सरळ कोपऱ्यातली फुली दाबायचे. सगळंच बंद व्हायचं. मग मला फोन.

“भाऊ, यादी खाल्ल्यान.”

“कोणी?”

“कागदान. दुसरो कोण आसा हय?”

रोज एकदा तरी कागद यादी खायचा.

यावर उपाय सोपा होता. पानाच्या आत, प्रत्येक ओळीच्या पत्त्यापुढे एक शब्द लिहिला की कागद नव्या खिडकीत उघडतो आणि यादी जागच्या जागी राहते. एका दुपारात मी ते केलं. सावंतांनी आभार मानायला फोन केला. पण लवकरच दुसरी रड सुरू झाली. दर क्लिकला नवी खिडकी उघडायची आणि उघडलेली कोणी बंद करत नसे. जुनी यंत्रं ती. संध्याकाळपर्यंत खिडक्यांच्या ओझ्याने त्यांचा जीव जायचा. एकदा रजनीचं यंत्र ऐन वाचनाच्या वेळी थिजलं. तिचा फोन आला: “भाऊ, तुमचा मशीन झोपला. बोटी वाट बघतत. आता मी तेंका काय आरती म्हणान दाखवू?”

रजनीचं काम इथे सांगायला हवं. दिवसातून दोन वेळा ती यादी उघडून हवामानाची सूचना वायरलेसवरून समुद्रातल्या बोटींना वाचून दाखवायची. बंदरात याला ‘खबर’ म्हणतात. खबर दोनदा वाचायची, असा रिवाज. पहिलं वाचन कानावर पडलं की बोटीचा तांडेल, म्हणजे चालक, इंजिन मंद करतो. दुसरं वाचन ऐकायचं असतं. मग एकेक बोट आपलं नाव घेऊन ‘मिळाली’ म्हणते. सूचना यायच्या सरकारी भाषेत, ‘सतर्क राहावे’ वगैरे. रजनी त्या वाचता वाचता मालवणीत उलटवायची: “आयकतास मा? वारो फुगतलो. जाळी भायर आसत ती वडून घेवा.” कधी एखादा चेष्टेखोर खलाशी विचारायचा, “रजनीताय, वारो ऱ्हवांदे, आज जेवूक काय केलंस?” ती म्हणायची, “तुज्या बायलेक इचार. माज्या वायरलेसवर पेडवे शिजणत नाय.” तिच्या आवाजावर बोटी माघारी फिरत. हा अधिकार तिला कुठल्या आदेशाने मिळालेला नव्हता.

खिडक्यांचा प्रश्न मी असा सोडवला. त्या नव्या खिडकीला एक नाव दिलं. असं नाव दिलं की संगणक दर वेळी नवी खिडकी न काढता त्याच नावाच्या खिडकीत पुढचा कागद उघडतो. म्हणजे खिडक्या दोनच, एक यादीची आणि एक कागदाची. पसारा नाही, यंत्र थिजत नाही. माझ्या टेबलावर मी अर्ध्या पडद्यावर यादी आणि अर्ध्यावर कागद असं ठेवून तपासलं. इकडे क्लिक, तिकडे कागद. मला ते इतकं आवडलं की मी सचिवांना बोलावून दाखवलं. त्यांनी माझी पाठ थोपटली.

दोष याच सोयीत होता. त्या काळातल्या यंत्रांवर कागदाची खिडकी पहिल्यांदा उघडताना पुढे यायची. पण ती आधीच उघडी असेल आणि तुम्ही तिच्यावर यादी पुढे आणली असेल, तर दुसरा कागद मागच्या मागे उघडायचा. खिडकी पुढे यायची नाही. बघणाऱ्याला वाटायचं, काही झालंच नाही. माझ्या टेबलावर दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी होत्या, म्हणून मला ते कधी दिसलं नाही. इतर सगळ्यांच्या पडद्यावर यादी पूर्ण पसरलेली असायची. पण वाचून झालं की ते कागद बंद करायचे, त्यामुळे त्यांनाही तो दोष कधी जाणवला नाही. रजनी कागद बंद करत नसे. खबर वाचून झाल्यावरही एखादी बोट मागाहून विचारायची, ‘काय म्हणालंस गो?’ तेव्हा कागद हाताशी हवा, म्हणून ती दिवसभर तो उघडा ठेवायची. जी सगळ्यांत जपून काम करायची, तिच्याच खोलीत माझी सोय फसणार होती.

ही सोय सुरू होऊन काही दिवसच झाले होते. दिवाळी तोंडावर होती, समुद्र शांत होता, संध्याकाळी सकाळचीच सूचना पुन्हा वाचली जायची, वेगळी यायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी आली. सकाळची सूचना मध्यम वाऱ्याची होती. दुपारनंतरच्या सूचनेत बोटींनी लगेच बंदरात परतावं असं होतं. ती आमच्याच कार्यालयातून यादीत वर टाकली गेली. टाकणारा टंकलेखक दुसऱ्या टेबलावर बसायचा. मी त्या दिवशी पणत्या आणि आकाशकंदील घेऊन लवकर निघायच्या बेतात होतो. संगणक बंद केला होता. छत्री हातात होती. फोन वाजला.

“भाऊ, नवी खबर यादीत दिसता, पण उघडणा नाय. दाबतंय, काय होणा नाय.”

“लाईन गेली असेल गो.”

“काय लिवलाहा ता जरा बघून सांगशात?”

“माझं यंत्र बंद झालं. रोजचीच असेल. सकाळची वाच, फरक नसेल.”

 “बरा,” ती म्हणाली.

टंकलेखकाचं टेबल माझ्यापासून दोन हातांवर होतं. मान वळवून विचारलं असतं तरी पुरलं असतं.

तिने सकाळची खबर वाचली, दोनदा. बऱ्याच बोटी आकाश बघून आधीच परत फिरल्या होत्या. ‘नूर’ नावाची बोट लांब होती. तिचा मालक आणि तांडेल इब्राहिम. त्याचा धाकटा भाऊ यासीन बोटीवर होता. इब्राहिम कायम खबर ऐकून निर्णय घ्यायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता. वारा मध्यम म्हटल्यावर त्याने जाळी राहू दिली. वादळ आलं तेव्हा तो परत फिरला, पण बंदराच्या तोंडाशी लाटेने बोट खडकावर घातली. माणसं वाचली. यासीनचा पाय बोट आणि खडक यांच्यात चिरडला, तो कापावा लागला. त्याचं लग्न ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायरलेस खोलीत गेलो. रजनी तेव्हा यासीनच्या आईपाशी इस्पितळात होती. लाईन ठीक होती. मी यादीची खिडकी खाली केली. तिच्या मागे संध्याकाळची सूचना पूर्ण उघडलेली होती. ‘बोटींनी तत्काळ बंदरात परतावे.’ ती रात्रभर तिथेच होती.

मी ती खिडकी बंद केली. मग मुख्य कार्यालयात येऊन पानाच्या आतलं ते नाव काढून टाकलं. चूक हातून होते, तिच्याबद्दल माणूस क्षमा मागू शकतो. ही दोन कामं मी शुद्धीत, डोळे उघडे ठेवून केली.

चौकशी झाली. संघाचा मुख्य संगणक कोणता कागद कोणाच्या यंत्रावर कधी उघडला याची नोंद ठेवायचा. ती नोंद मीच काढून दिली. संध्याकाळचा इशारा रजनीच्या यंत्रावर उघडला होता, असं ती नोंद सांगत होती, आणि ते खरंच होतं. रजनी म्हणत होती, “माका दिसूक नाय. मी भाऊंका फोन केलंय.” समितीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “त्या दिवशी घाईत होतो. असा फोन आल्याचं आठवत नाही.” रजनीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं. अहवालात लिहिलं गेलं की कर्मचाऱ्याने इशारा उघडला, परंतु वाचून दाखवला नाही.

तिची नोकरी गेली. पण बंदरात नोकरीपेक्षा नाव मोठं. तिची आई बाजारात मासळी विकायची; तिच्या पाटीपाशी गिऱ्हाईक थांबेना. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्राला दिल्यावर आमच्याकडे वायरलेसवरून ‘दर्यो उघडलो’ अशी पहिली हाक देतात. ती हाक रजनीची असायची. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कोणी दिली. मी जेटीवर उभा होतो आणि ऐकत होतो. पुढे ती सासरच्या माणसांबरोबर तोंडवलीला गेली. मी बढती घेतली, निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात सचिव म्हणाले की पराडकरांनी संघाला एकही दिवस अडू दिलं नाही. शाल अजून कपाटात आहे, घडी मोडलेली नाही.

मी गप्प राहिलो तो इतकी वर्षं. बोलायला का लागलो तेही सांगतो, कारण मी आपोआप सुधारलो असा कोणाचा समज नको. यंदा संघाने वायरलेसवर नवी माणसं घ्यायची ठरवली. रजनीच्या मुलीने अर्ज केला. शिकलेली, चुणचुणीत मुलगी. बाजारात एक जुने संचालक मला सहज म्हणाले, “त्या रजनीचा चेडू रे. आवस खबर गिळून बसलली, तिचा चेडू कित्याक व्हया आमका?”  माझं मौन आता पुढच्या पिढीला पुरवठा करत होतं.

मी आधी यासीनकडे गेलो. बंदराजवळ त्याचं जाळी विणण्याचं, दुरुस्त करण्याचं दुकान आहे. लाकडी पाय बाजूला काढून तो जाळ्यात बसला होता. मी सगळं सांगितलं. तो सुई चालवत राहिला.

“म्हणजे रजनीन वाचूक नाय असा न्हय.”

“नाही.”

“आणि तुमका पयल्या दिसापासून म्हायत.”

“होय.”

 मग त्याने धागा दाताने तोडला. “तिच्या आवशीच्या पाटीतलो मासो आमच्या घरान कधी घेवक नाय. माज्या आयेन शपथ घातलली. रजनीची आवस गेली, तरी आमी मातीक जावक नाय.” त्याने मान वर केली. “माज्या पायाचा सोडा, भाऊ. तो काय तुमच्यान येवचो नाय. हय कित्याक बसलास? तिच्याकडे जावा.”

तोंडवलीला रजनी पर्यटकांसाठी खानावळ चालवते. मी गेलो तेव्हा ती सोलकढी गाळत होती. केस पांढरे झालेत, आवाज तोच. मला ओळखून म्हणाली, “येवा भाऊ, बसा. जेवतलास?”

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. खिडकी, तिचं नाव, मागे उघडलेला कागद, दुसऱ्या दिवशी मी तो बंद केला ते. ती ऐकत होती. फोनची गोष्ट आली तेव्हा तिने पंचा पिळून बाजूला ठेवला.

“इतकी वर्सां माका वाटला, मीच खयतरी चुकीचा दाबलंय,” ती म्हणाली. “रात्री जाग येता तेव्हा आजून दाबून बघतंय, भाऊ. हाताक सवय लागलीहा.”

मी क्षमा मागितली. तिने ती घेतली की नाही ते कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी म्हणालो की संघाला लेखी देतो, दिवाळी अंकात लिहितो, तू सांगशील ते करतो.

“अंक कोण वाचता बोटीर?” ती म्हणाली. “माजा नाव खय गेला? वायरलेसवर गेला. थयच सांगा. सगळ्यांनी आयकूक व्हया.”

मी संघात अर्ज दिला. सध्याचे सचिव तरुण आहेत, सभ्य आहेत. त्यांनी प्रमाण मराठीत समजावलं की अहवाल दुरुस्त करायला ठराव लागेल, जुनी प्रकरणं उकरून काय उपयोग, आणि वायरलेस खाजगी गोष्टींसाठी नाही.

“ही खाजगी गोष्ट नाही,” मी म्हणालो. “संघाच्या वायरलेसवरून एक चुकीची खबर गेली होती. चुकीच्या खबरीची दुरुस्ती त्याच वायरलेसवरून करायची, हा नियम आहे. इतकी वर्षं ती राहून गेली, एवढंच.”

“पण काका, तुमचंच नाव जाईल.”

“ते जायलाच हवं आहे.”

ते ऐकेनात तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोरच्या बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आलो आणि पुन्हा बसलो. माझं वय आणि माझी चिकाटी बघून त्यांनी शेवटी मान हलवली. म्हणाले, संध्याकाळच्या खबरीआधी, मोजकं बोला.

वायरलेस खोलीत आता नवं यंत्र आहे. आताची यंत्रं नवा कागद आपोआप पुढे आणतात. माझ्यासारख्याची चूक आता कोणाला करताच येणार नाही. ऑपरेटर मुलगा उठला, मला खुर्ची दिली. मी बटण दाबलं आणि बोललो. रजनी तांडेलने खबर गिळली नव्हती. खबर तिच्या पडद्याच्या मागे उघडली होती, ती माझ्या कामातल्या दोषामुळे. तिने मला विचारलं, मी सकाळची वाच म्हणालो, आणि चौकशीत खोटं बोललो. ती निर्दोष होती आणि आहे. बटण सोडलं. नुसती खरखर. एकही बोट बोलली नाही.

मी उठायला लागलो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. रजनी. तोंडवलीला तिच्या दिराच्या होडीवर संच आहे, ती किनाऱ्यावर तिथे जाऊन ऐकत होती.

“भाऊ, एकदाच वाचलास.”

“काय?”

“खबर दोनदा वाचतत. इसारलास? पयल्यांदा इंजिनां चालू आसतत, कोणाक कळना नाय. आणि जरा सावकाश. गाडी पकडूची आसा काय तुमका?”

तिने फोन ठेवला. मी परत खुर्चीत बसलो, बटण दाबलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, शब्द न बदलता, सावकाश. फोनची गोष्ट आली तेव्हा पाणी प्यालो. मग तिथूनच पुढे वाचलं.

या वेळी खरखरीतून एक आवाज आला. एका बोटीने नाव सांगितलं आणि ‘मिळाली’ म्हटलं. मग दुसरी. मग देवगडच्या बाजूची एक. काही बोटी गप्प राहिल्या, तो त्यांचा हक्क आहे. मुलीच्या अर्जाचं काय होईल ते समिती ठरवेल. माझं लेखी म्हणणं त्या अर्जासोबत जोडलेलं आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत तो बाक माझा आहे. ज्यांच्याकडे वायरलेस नाही त्यांच्यासाठी हे इथे लिहिलं.

सर्वांत शेवटी बोलला तो इब्राहिम. त्याने नव्या बोटीचंही नाव तेच ठेवलंय.

“‘नूर’. मिळाली,” तो म्हणाला. पुढे म्हणाला, “आता वारो सांगा, भाऊ. आमी भायर आसंव.”